खिडकीपुरतं वजन

"तुमचा काटा चुकतोय," कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला म्हातारा टर्नर काटेवाल्याला म्हणाला.

ट्रकांच्या वजनकाट्यावर त्याची छोटी गाडी उभी होती. गाडीमागे वर्षभर खपून बनवलेला ट्रेलर. पाण्याच्या थेंबासारखा, पुढून गोल, मागे निमुळता. आत दोघांनी आडवं व्हायचं, मागचं झाकण उचलून चहा करायचा, एवढाच संसार. पुढच्या सीटवर बायको बसली होती. लग्नापासून "एकदा जाऊ, एकदा जाऊ" म्हणत लांबवलेल्या समुद्राकडे दोघं उद्या निघणार होते.

गाडी जुनी, जेमतेम दमाची. दोन माणसं, सामान आणि ट्रेलर मिळून तिला झेपेल त्यावर एक किलोही चालणार नव्हता. म्हणून टर्नरने वजनाशी वैरच धरलं होतं. प्लायवूड पातळ घातलं. दोन दारांचं एक केलं. आतल्या फळ्यांना भोकं पाडली. चमच्यांच्या दांड्या कापल्या, तेव्हा बायको म्हणाली होती, "आता माझे कान कापा, तेवढंच हलकं."

तिने मागितली होती एकच गोष्ट. छताला खिडकी. आडवं पडून तिला आभाळ बघायचं होतं. त्याने काच आणि चौकट तोलली. पंधरा किलो. "बसत नाही," तो म्हणाला आणि विषय मिटला. खिडकी शेडमध्ये पोत्यात गुंडाळून पडली.

आणि आता काटा त्याच्या हिशेबापेक्षा चक्क वीस किलो कमी दाखवत होता.

"काट्याला काय धाड भरलीय?" काटेवाला उखडला. "कालच तपासणी झालीय. तुम्हीच काहीतरी घरी विसरला असाल."

टर्नरने झाकण उघडलं. शेगडी, पाण्याचा कॅन, गादी, जादा चाक. सगळं जागच्या जागी. त्याने पुन्हा एकदा पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो गाडीच्या पुढच्या खिडकीपाशी, बायकोकडे धावला.

"अगं, तुझी खिडकी बसते! वर पाच किलो उरतात!"

"मग बसवा ना," ती हसली. भर उन्हात तिने स्वेटर घातला होता. हल्ली थंडी वाजते म्हणायची. शेडमधून मान वर न करता तो म्हणायचा, चहा घे.

"पण कमी झालं कुठे? ते कळल्याशिवाय मी छताला हात लावणार नाही. एकूण एक वस्तू तोललीय मी."

"मला कुठे तोललंत?"

"तुझं काय तोलायचं? तुझं वजन मला पाठ आहे."

तिने स्वेटर काढला. त्याच्या आत दुसरा होता. तोही काढला. हाताने केस सारखे केले, तसं मनगटावरचं घड्याळ थेट कोपरापर्यंत घसरलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात राहिलात तरी आता फार फरक पडायचा नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हातातलं काम टाकून दिलं असतं. आणि मला जायचंय हो."

वर्षभर त्याने ग्रॅम न् ग्रॅम मोजला होता. आणि घरातलं माणूस त्याच्या डोळ्यांदेखत कमी होत गेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मागे थांबलेल्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. त्याने तिचं घड्याळ पुन्हा मनगटावर आणलं. ते तिथे थांबेना, म्हणून हाताने धरून ठेवलं.

"उद्या निघायचं नाही," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. तिने मान फिरवली.

"परवा निघू," तो तिचं मनगट न सोडता म्हणाला. "उद्या खिडकी बसवायचीय."