पिन होती तिथपर्यंत

सारजाकाकूंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येता येताच विचारलं, "पुस्तक कुठं हाय?"

रेश्माने कपाटावरून पुस्तक काढून सतरंजीच्या मधोमध ठेवलं. पानांतून आईची केसांची काळी पिन डोकावत होती. ती तिने काढली नव्हती.

भवानीनगरातल्या या सहा घरांची पद्धत साधी होती. महिन्याला एक पुस्तक, प्रत एकच, प्रत्येक घरी पाच दिवस. महिनाअखेरची बैठक ज्या घरी, त्या घराने सगळ्यांच्या नंतर वाचायचं. त्या घराचं वाचून झालं नसेल तर बैठकीत शेवटाचा विषय काढायचा नाही. जानेवारीची बैठक कुशाबाईंकडे, म्हणजे रेश्माच्या आईकडे होती. पुस्तक त्यांच्याकडे आलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्यानंतर दोन महिने कुणी पुस्तक मागायला आलं नाही, आणि नवंही कुणी सुरू केलं नाही.

मग छकुलीचा फोन आला. छकुली म्हणजे शेजारच्या घरची सून, वाचणाऱ्यांत सगळ्यात लहान. रविवारी तीन वाजता तुमच्याकडे बैठक आहे, एवढंच ती म्हणाली. रेश्मा सकाळीच पुण्याहून आली, कुलूप काढलं, घर झाडून घेतलं. तिचं ठरलं होतं. चहा द्यायचा, पुस्तक परत करायचं आणि यादीतून हे घर काढा म्हणून सांगायचं. कुणी रडणार असेल तर त्याने ते चहाआधी उरकावं, असंही तिला वाटत होतं.

कुणी रडलं नाही. पाचही जण भिंतीला टेकून बसले. स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा, जिथे बैठकीच्या घरची बाई बसते, ती त्यांनी मोकळी ठेवली. रेश्मा उभीच राहिली तेव्हा जोतीरामतात्यांनी हातानेच तिला तिकडे बसायला सांगितलं. तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. पुस्तक निवडायचं आणि बैठक चालवायची हे काम त्यांच्याकडे होतं.

खायला तिने धपाटी केली होती. आई तेच करायची. सारजाकाकूंनी दह्याला लावून एक घास खाल्ला.

"कुशासारखी न्हाय झाली," त्या म्हणाल्या. दुसरा घास घेतला. "बरं झालं. तिचा हात मिठाला लई जड. सात वर्सं आमी पानी पिऊन पिऊन वाचलंय."

सगळे हसले. रेश्मालाही हसू आलं.

तात्यांनी चष्मा लावला, पिन होती तिथे पुस्तक उघडलं आणि खाली पाहून पानाचा आकडा सांगितला, एकशे बेचाळीस. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग तिथपर्यंतचं बोलणं सुरू झालं.

कादंबरी दोन बहिणींची होती. त्यांच्यात एक विहीर सामाईक. थोरली भांडून निघून जाते, धाकटी मागे राहून रान बघते. छकुलीच्या मते थोरलीने केलं ते योग्यच होतं. तात्यांना ते मुळीच पटत नव्हतं. सारजाकाकूंना दोघींपेक्षा त्यांच्या मामाचा जास्त राग होता आणि त्या मामाबद्दल असं बोलत होत्या, जणू तो कालच ऊसतोडीच्या वेळी ट्रॅक्टर मागून नेऊन परत द्यायला विसरलाय. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आन् मग ती थोरली शेवटाला—" तोच छकुलीने त्यांचा गुडघा दाबला. काकूंनी पुस्तकातल्या पिनेकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

रेश्माला आठवलं. शेवटच्या फोनवर आई याच पुस्तकाबद्दल बोलली होती. थोरली परत येणार, विहिरीतला हिस्सा सोडून कुणी जातं का, असं तिने छकुलीला भिंतीपलीकडून सांगितलं होतं. पैजही लावली होती. आई हरली तर पुढची बैठकही तिच्याकडेच.

"मग, आली का ती परत?" रेश्माने विचारलं.

छकुलीने बशीतला धपाट्याचा तुकडा उगाच दुमडला.

"कुशाबाईंचं वाचून झालं न्हाय अजून," तात्या म्हणाले.

"तात्या, आई तर..."

"ठावं हाय, पोरी."

तात्यांनी चष्मा पुसला. आता सांगून टाकावं असं रेश्माला वाटलं. ठरवलेली वाक्यं तिने जशीच्या तशी म्हटली. घराला कुलूपच असतं, तिला दर महिन्याला जमणार नाही, तेव्हा यादीत आता पाचच घरं धरावीत.

सारजाकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "घराचं वाचून व्हायचंय. मदीच कसं काढायचं?"

"काकू, वाचणार कोण?"

"घरात तू हायेस की."

तात्यांनी खिशातून घडी केलेला यादीचा कागद काढला. एप्रिलच्या पुढे त्यांनी पुन्हा कुशाबाईंचंच घर लिहिलं आणि कागद घडी करून ठेवून दिला. छकुली म्हणाली, "तवर तुमी वाचून काढा, रेश्माताई. तुमाला यायला नाय जमलं तर किल्ली माझ्याकडं द्या. पर शेवट मी सांगायची न्हाय."

बैठक मोडली तेव्हा साडेपाच झाले होते. बशा धुवायला सगळेच थांबले. सगळ्यांत शेवटी सारजाकाकू निघाल्या. चपला घालून त्या दारातच वळल्या. रेश्मा पुस्तक हातात घेऊन उभी होती आणि तिचा अंगठा पिनेवर होता.

"ती काढू नगंस," काकू म्हणाल्या. "हाय तितंच राहू दे. तुजी खूण येगळी घाल."