हाताने टाइप केलेला बारा

लिफ्टने खंड्या कुत्र्याला आत घेतलं आणि त्याच्या मालकीणबाईंना, सत्तरीच्या कुमुदकाकूंना, दारातच अडवलं. "बाराव्या नियमात येणाऱ्यांना लिफ्ट बंद." हल्ली इमारतच सोसायटीचे नियम वाचून पाळायची.

सेक्रेटरी ढवळेंनी फाइल उघडली. आज सकाळीच त्यांनी सुरुवातीला एक नियम घातला, तसे पुढचे सगळे एकेकाने खाली सरकले. कुत्र्यांचा बारावा नियम तेरावा झाला, आणि ज्येष्ठ सभासदांच्या सत्काराचा अकरावा आता बारावा. बाकीचे संदर्भ आपोआप बदलले होते. लिफ्टबंदीच्या नियमातला हा 'बारा' मात्र ढवळेंनी हाताने टाइप केला होता, म्हणून तो तसाच राहिला.

"तेरा करतो, काकू."

"म्हणजे खंड्या पुन्हा जिन्याने?"

ढवळेंनी कर्सर 'बारा'वर नेला.

"चार वर्षं एकटा पाच मजले चढतोय. आज तो लिफ्टने जाईल," म्हणत काकू जिन्याकडे वळल्या.

खंड्या लिफ्टमधून उडी मारून त्यांच्या पुढे धावला, आणि पहिल्या वळणावर वाट बघत थांबला.