बरोबरी झाली तरी पुरे

“अजून शून्य-शून्यच आहे,” रेडिओला चिकटवलेला कान न काढता गंगाराम म्हणाला.

“म्हंजे आपल्याला बरा की वाईट?” जनीने विचारलं.

“बरा. आज बरोबरी झाली तरी पुरे. चॅम्पियन!”

जनीचा जीव थोडा भांड्यात पडला, पण थोडाच. मे महिन्यात पावस गावातलं घरन् घर आंब्यात बुडालेलं असतं. या घरात मात्र पडवीतल्या पेट्या अर्ध्या भरून तशाच पडल्या होत्या. पेंढा वाऱ्याने अंगणभर झाला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

गंगाराम मालवाहू बोटीवरचा खलाशी. तरुणपणी त्याची बोट दुरुस्तीसाठी स्कॉटलंडच्या लीथ बंदरात अडकून पडली होती. तो थंडीने कुडकुडताना दिसला तेव्हा गोदीतल्या एका क्रेनवाल्याने आपला गर्द तांबडा मफलर त्याच्या गळ्यात घातला आणि त्याला एडिनबराला हार्ट्स नावाच्या टीमची फुटबॉल मॅच बघायला नेलं. झालं, तेव्हापासून हा माणूस हार्ट्सचा. आणि झाला तोही कधी? टीमचे चांगले दिवस संपत आले तेव्हा. पुढे हार्ट्स खालच्या वर्गात ढकलली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. नापास पोराच्या बापासारखा गंगाराम दर वेळी म्हणे, “पुढल्या वर्षी बघा.”

जनीला फुटबॉलशी काय देणंघेणं? पण लग्नानंतर तो पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा तिने रडत विचारलं होतं, ही नोकरी कधी सोडणार म्हणून. तो हसून म्हणाला होता, “हार्ट्स चॅम्पियन होतील त्या दिवशी. शब्द देतो.” त्याला आता दोन तपं होत आली. गावात ही गोष्ट चेष्टेची झाली होती. ज्याच्या बापाने आणि आज्याने तांडेल होऊन गलबतं हाकली, तो कसला दर्या सोडतोय! जनीचीही तीच समजूत होती. दर्यावाचून याला करमत नाही, म्हणून मुद्दाम कधी न जिंकणारी टीम यानं धरली, असं ती मनाशी म्हणे आणि कुढे.

यंदा मात्र अक्रीत घडलं. हार्ट्स हरेचनात! थंडी सरली, आंबा मोहरला, आंबा पिकलाही, तरी टीम आपली सर्वांत वर. आज शेवटची मॅच, डंडी गावात. आणि सोमवारी गंगारामला नव्या बोटीसाठी मुंबई गाठायची होती. हार्ट्स आज हरली नाही, तर नवरा घरी राहणार. हरली, तर पुन्हा वर्षभर रात्री दर्याची गाज ऐकत पडून राहायचं.

म्हणून सकाळीच ती देवळात गेली होती.

“कौल लाव,” ती धाकू गुरवाला म्हणाली.

धाकूने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “वयनी, देवाला शिवेपलीकडचा इचारू नये. त्याची हद्द गावच्या पऱ्ह्याच्या पाण्यापातूर.”

पण तिचा चेहरा बघून त्याने गाऱ्हाणं तेवढं घातलं. “बा देवा म्हाराजा, साता समुद्रापलीकडं जी कोण अकरा पोरं खेळतायत, त्यांची पाठराखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” जनी एकटीच म्हणाली.

आता रेडिओवर भलत्याच मॅचची कॉमेंट्री चालली होती, इंग्लंडातली. स्कॉटलंडचे आकडे मनात येईल तेव्हा सांगत. आवाज मध्येच बुडे, मध्येच वर येई. गंगाराम केसभर काटा फिरवी. जनीचे घरातले सगळे देव आठवून झाले होते.

“आता किती रवला?”

“थोडा.”

“मग संपवत का नाय मेले?”

“गप रव गो!”

तेवढ्यात निवेदकाने डंडीचं नाव घेतलं. गंगाराम ताठ झाला, मग हळूहळू सैल पडला.

“काय झाला?”

“गोल खाल्लान.”

“एकच ना? फेडतील,” जनी म्हणाली. जन्मात फुटबॉल न पाहिलेली बाई!

फेडला नाही. शेवटच्या मिनिटांत दुसराही बसला. तिकडे दुसऱ्या नंबरावरच्या सेल्टिकने आपल्या मॅचमध्ये पाच गोल घालून बाजी मारली होती. संपलं सगळं.

गंगारामने रेडिओ बंद केला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलू लागले. बाप गेला तेव्हाही जनीने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिला संताप आला. जाणार हा, मागे राहणार ती, आणि हा रडतोय कुणासाठी, तर गोऱ्या पोरांसाठी! तिने ट्रंक पुढे ओढली आणि त्याचे कपडे आत कोंबायला सुरुवात केली.

“पुरे झाला आता. पुढल्या वर्षी जिंकतील.”

“पुढल्या वर्षापातूर मी नाय निभवायचा,” भिंतीकडे बघतच तो म्हणाला. “मला भ्या वाटता गो.”

“कसला?”

“पाण्याचा. पयल्या दिवसापासना. तांडेलाच्या पोरानं ह्या कुणाला सांगायचा?”

जनीचे हात थांबले. मग तिने कोंबलेला सदरा बाहेर काढला. दुसरा काढला. सगळे कपडे काढून झाल्यावर रिकामी ट्रंक तिने पायाने कोपऱ्यात सारली.

“सोमवारी जायचा नाय. लोकांना काय सांगायचा ता मी सांगन,” ती म्हणाली, आणि मग इतक्या वर्षांचं रडू एकदम फुटलं. “येवढी वरसं गप का रवलाव? एकदा तरी बोलायचा होता!”

गंगारामने तिच्याकडे तोंड वळवलं.

“गप कुठं होतो? दर शनवारी रेडिओला कान लावून दुसरा काय करत होतो गो मी?”