झाकणावरचा हात

सिडकोतल्या घरात फिशटँक आल्यापासून ऋतुराज शेंद्र्याहून ड्युटी करून आला, की बूटही न काढता आधी टँकच्या झाकणाला उलटा हात लावायचा, लेकराचा ताप बघावा तसा. झाकणातला लाइट तापला की पाणी तापायचं आणि मासे मलूल व्हायचे. म्हणून त्यानं झाकणाला भोकं पाडली, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.

त्याची बायको प्रेरणा हे सगळं बघत होती. सवत असती तर पिशोरला माहेरी सांगता तरी आलं असतं. हे मासे होते.

"अहो, वारं थेट नका सोडू. सर्दी होईल त्यांना," ती एकदा म्हणाली.

त्याला ते पटलं. त्यानं पंखा थोडा तिरका केला.

काल त्यानं हात लावला, तर झाकण गार.

"बघ! पंखा लई भारी चालतोय."

"पंखा नाय. लाइटच बंद केलाय मी दुपारपासून," सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलेली प्रेरणा म्हणाली. "म्हटलं, आज तुमचा हात जरा मोकळा राहील. ताप मला आलाय."