उतरलेला ताप

म्हातारीला लघवीचा त्रास उठला की ताप थेट डोक्यात चढायचा. एरवी सुनेवर खेकसणारी ती सासू तेव्हा लोण्यासारखी मऊ व्हायची. सुनेलाच आपली वारलेली थोरली बहीण समजून हात धरायची. "ताई, ते बघ, छतावरून होड्या चालल्यात. बस ना जवळ." सूनही हातातलं काम टाकून बसायची, अन् खरंच खोलीभर पाणी हलल्यासारखं वाटायचं तिला.

डॉक्टरीणबाईंनी हार्मोनचं मलम दिलं. "उतारवयात आतली कातडी कोरडी पडते, म्हणून लघवीत पुन्हा पुन्हा जंतू होतात. हे आतून लावत राहा, त्रास बहुतेक थांबेल."

थांबला की! महिन्यामागून महिने गेले, ताप काही फिरकला नाही. सासू पहिल्यासारखी खेकसायला लागली. सून नवी ट्यूब आणून उशाशी ठेवायची अन् लगेच बाहेर पडायची. त्या होड्या तिला फार आठवायच्या.

एका दुपारी ती अशीच दाराकडे वळली, तर सासूनं मागून हटकलं.

"काय गं, तापात तासन्‌तास बसायचीस. आता बरी झाले, तर दोन घटका टेकायला तुझं काय झिजतं?"