महिन्याची रजा

"मोजा पिळला तर पाणी निघेल, मावशी," असे म्हणत दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने आईचा कृत्रिम पाय सोडवून बाजूला ठेवला. गुडघ्याखाली उरलेल्या पायाच्या टोकावर बोराएवढा लालभडक फोड होता. मुलाने मान फिरवली.

मान फिरवूनच त्याने आपली तयारी सांगितली. आईचा उन्हाळा सुखात जावा म्हणून त्याने महिन्याची रजा घेतली होती. कूलर आणला होता, खिडक्यांना जाड पडदे लावले होते. सुती मोजे तर सवयीने जोडीजोडीने आणले, तेव्हा उरलेले तू घाल, असे आईने सुनावले होते. गेले आठ दिवस तो तिच्या खुर्चीपासून हलला नव्हता.

फोडही आठ दिवसांचाच दिसतो, असे तंत्रज्ञ म्हणाला. या दिवसांत दर दोन तासांनी पाय काढावा, घाम पुसावा, वारा लागू द्यावा, हे तो दर वेळी बजावत असे. मग त्याने आईकडे पाहिले. "मुलगा कामावर गेला की पाय काढून पंख्याखाली बसते, म्हणाला होतात. आता काय झालं?"

आईने पदर सावरला आणि फोड बरा व्हायला किती दिवस लागतील, तेवढेच विचारले.

मुलाला मात्र उत्तर मिळाले. तीन वर्षांपूर्वी अपघातात तिचा पाय गेला, तेव्हा गाडी तोच चालवत होता. तेव्हापासून आईचा उघडा पाय दिसला की त्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरे आणि तो ताटावरून उठे. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तो घरात असेतो पाय उतरवायचा नाही, एवढा नेम तिने केला. त्याच्या कचेरीचे नऊ तास हाच तिचा विसावा होता. रजा टाकून त्याने तोही हिरावून घेतला होता.

फोड बरा होईतो पाय घालू नका, असे तंत्रज्ञाने सांगितले होते. तरी मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून ती पाय चढवूनच घरी आली आणि खुर्चीत ताठ बसली. मुलाने बॅग उचलली. रजा रद्द झाली, साहेबांचा आत्ताच फोन आला, असे तो चपला शोधत पुटपुटला. त्याचा फोन तिच्यासमोर टेबलावर होता, कधीचा बंद पडलेला.

आईने वाकून पट्टा सोडला. पाय उतरवला आणि त्याच्या हातात दिला.

"हा सावलीत वाळत ठेव आणि इथे येऊन बस. या घरात पाय काढायचा तर मी काढीन. तू काढता पाय घ्यायचा नाहीस."