भरलेली बाटली

“घोटभरच द्या हो,” ती म्हणाली.

नवऱ्याने नर्सकडे पाहिलं. नर्सने नकारार्थी मान हलवली आणि सलाईनचा वेग जरा वाढवला. तोंडावाटे काही म्हणजे काही द्यायचं नाही, असं डॉक्टरबाई बजावून गेल्या होत्या. ओठ फारच सुकले तर कापसाचा बोळा ओला करून फिरवा, तेवढंच.

त्याच्या मांडीवर तिची डब्याची पिशवी होती. बांधकामाच्या साइटवरच्या माणसांनी तिला इथे आणलं तेव्हा पिशवीही आठवणीने आणून दिली होती. आत पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. तो ती रोज सकाळी भरून द्यायचा आणि संध्याकाळी ती तशीच परत यायची. मग तो ते पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतायचा. रोप चांगलं तरारलं होतं. तुझ्या जिवावर मजा चाललीय त्याची, असं तो तिला चिडवायचा.

उंच इमारतींवर माल चढवणारी क्रेन ती चालवायची. पार वरच्या केबिनमध्ये बसायला खुर्ची होती, पंखा होता, संडास तेवढा नव्हता. खाली उतरायचं तर अख्खी साइट खोळंबणार आणि खालचे लोक घड्याळाकडे बघत हसणार. म्हणून क्रेनवर चढणारं कुणीच पाणी पीत नसे, आणि जुलाब थांबवणारी गोळी प्रत्येकाच्या खिशात असे. वर संडास बांधा, मी टाकीच्या टाकी पिऊन दाखवते, असं ती म्हणायची.

या वेळी जुलाबांबरोबर तापही होता. पण स्लॅब टाकायचा दिवस होता, क्रेनवाचून काम अडलं असतं. आजचा दिवस राहू दे, असं तो म्हणाला. तिने ऐकलं नाही. गोळी घेतली आणि चढली. दुपारी दोघांनी धरून तिला उतरवलं तेव्हा ती पोट दाबून वाकली होती आणि कपड्यांना रक्त लागलं होतं.

डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. जंतूंमुळे मोठ्या आतड्याला सूज आली, आणि गोळीने ती घाण आतच कोंडून ठेवली. अंगातलं पाणी तर आधीच आटलेलं. मग होतं नव्हतं ते रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळलं आणि आतड्याच्या वाट्याला पुरेसं आलंच नाही. त्याचा एक भाग निळसर पडलाय. रक्त पुन्हा खेळू लागलं तर तो सावरेल. नाहीतर कापून काढावा लागेल, आणि ते सोसण्याइतकी ताकद तिच्यात उरलीय का, हे सांगता येत नाही.

“मग मी काय करू?” त्याने विचारलं.

“वाट बघा.”

तो शिंपी होता. कापड कुठे विरलं तर कुठून टाका घालायचा, हे त्याला न बघताही कळायचं. इथे त्याच्या हातांना काही कामच नव्हतं. त्याला तिचा राग आला, स्वतःचा आला, कुंडीतल्या त्या रोपाचाही आला.

तिने त्याची बाही ओढली. तिची नजर बाटलीवर होती.

“आज क्रेनवर नाही जायचंय मला,” ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. “आज प्यायले तर चालतं.”

त्याने बाटलीचं झाकण उघडलं, कापसाचा बोळा भिजवला, नीट पिळला आणि तिच्या ओठांवरून फिरवला.

तिने तो दातांत धरला आणि चोखू लागली.

त्याने नर्सकडे पाहिलं. मग एका हाताने तिची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने बोळा ओढून काढला.